पहिली बादली

बाळ झोपलं की मी लिहायला बसते. डाव्या हातात पाळण्याची दोरी, उजव्या हातात पेन. दोरी थांबली की पाळण्यातल्या बाईसाहेबांच्या भुवया लगेच आक्रसतात, म्हणून ओळ अर्धी टाकून आधी दोरी ओढायची. शेजारीण परवा खिडकीतून म्हणाली, "पोरगी झोपली की आपणही झोपून घ्यावं गं." बरोबरच आहे तिचं. पण पोरीनं तिच्या आजोबांना पाहिलेलं नाही. ती मोठी झाली की लोक तिला सांगतील, तुझा आजोबा म्हणजे काय माणूस होता, सगळ्या गावाचा होता. ते खरंच आहे. पुढचं कुणी सांगणार नाही, म्हणून मी लिहून ठेवते.

माझे बाबा विहिरी खणायचे. या कामाला दोघं लागतात. खालचा पहारीनं फोडतो, घमेल्यात भरतो. वरचा कप्पीवरून दोर ओढतो, घमेलं रिकामं करतो, परत खाली सोडतो. संध्याकाळी खालच्याला वर घेतो तोही तोच. बाबा खालचे आणि काका वरचे. हे काका रक्ताचे नव्हेत. त्यांच्या शेताचा बांध आमच्या बांधाला लागून होता आणि दोघं लंगोटीयार. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारायचंच नाही. "खालचा-वरचा कुठल्या कामावर आहेत सध्या?" असंच विचारायचे.

बाबांचा खाली उतरल्यावरचा एक नियम होता. वर बघायचं नाही. वरून खडे पडत असतात, माती गळत असते. मान वर केली की डोळ्यांत. दोराला ताण आहे ना, मग वर माणूस आहे.

"आणि माणूस नसला तर?" मी लहानपणी विचारलं होतं.

"नसायला काय झालं? काका आहे तो, कावळा आहे का उडून जायला?"

काका शेजारीच चहा पीत होते. बशीत हसले, चहा सांडला.

बाबांची एक ठरलेली बोली होती, प्रत्येक विहिरीवर म्हणायचे: पहिली बादली वरच्याची, शेवटची हाक खालच्याची. झरा फुटला की खालचा पाण्यातच उभा असतो, त्याला काय घाई. दिवसभर उन्हात दोर ओढणाऱ्यानं आधी प्यावं. त्या बदल्यात वरच्यानं एकच करायचं. खालचा "आलो रे" म्हणून हाक देऊन कठड्याबाहेर पाय टाकत नाही, तोवर दोर सोडायचा नाही. वादळ येवो नाहीतर व्याही येवो.

कामाच्या बाहेर बाबा म्हणजे नुसतं बोलणं. काडेपेटी आणायला जायचे ते जेवण निवल्यावर परत यायचे.

"काडेपेटी?" आई विचारायची.

"अगं, ती राहिलीच. पण गिरणीवाल्याच्या जावयाची बदली झाली, तुला कळलं का?"

"त्याच्या बदलीवर चूल पेटेल का?"

येताना दोघातिघांना घेऊन यायचे. आई म्हणायची, आमच्या घरात कप फुटत नाहीत, झिजतात. पण उसळून कधी बोलली नाही, कारण त्या माणसांसाठी बाबा जेवढं बोलायचे तेवढे राबायचेही. गिरणीचा पट्टा तुटला की बाबा. सलूनवाल्या मामांच्या दुकानाचं छप्पर उडालं तेव्हा भर वाऱ्यात वर चढून पत्रे धरून बसलेले बाबा. खाली मामा ओरडत होते, "उतरा हो, पत्र्यासकट उडाल!" आणि बाबा वरून त्यांना कुठल्यातरी लग्नातला किस्सा सांगत होते. रात्री अंग मोडून यायचे. मी पाठीवर उभी राहून पाय द्यायची. पाठ दगडासारखी होती, पण माझा तोल गेला की त्यांचा हात मागे येऊन माझा घोटा बरोबर धरायचा. न बघता.

आमची स्वतःची विहीर त्यांनी शेवटी खणली. चांभाराच्या पायात चप्पल नसते, तसं. काकांचं शेत आणि आमचं शेत यांच्या बांधावरच, अर्धी इकडे अर्धी तिकडे. दोघांनी दुसऱ्यांची कामं सांभाळून खणली. पाणी लागलं त्या दिवशी निम्मं गाव कठड्याभोवती होतं, मी आईच्या बोटाला धरून. खालून बाबांचा आवाज आला, घुमत घुमत:

"ए वरच्या! पहिली बादली तुझी! ऐका रे सगळे, पहिलं पाणी याचं!"

लोक हसले, टाळ्या पडल्या. काकांनी बादली तोंडाला लावली, उरलेली डोक्यावर ओतली. आणि त्या गलक्यात खालून पुढचं आलं, "आणि शेवटची हाक माझी! सोडून जाऊ नको रे गाढवा!" तेव्हा लोक आणखी हसले. गिरणीवाले हसले. सलूनवाले मामा तर कठड्यावर हात आपटून हसले. मला त्यांचा तो हात आठवतो, त्यावर साबणाचा फेस वाळलेला होता.

तेव्हापासून सकाळी मोटार चालू झाली की पाणी आधी काकांच्या वाफ्यांत जायचं, मग आमच्या. कुणी ठरवलं नव्हतं, पडलं वळण. विहीर भरलेली असायची, दोन्हीकडे पुरून उरायचं. बाबा तर फावडं घेऊन काकांच्या शेतातही पाणी वळवत उभे असायचे. पाणी कुणाकडे चाललंय त्यापेक्षा गप्प उभं राहावं लागत नाही, हे त्यांना महत्त्वाचं.

बाबा गेले ते सलूनच्या खुर्चीत. दाढी करायला बसले होते, कुणाची तरी नक्कल करत होते, बोलता बोलता मान कलली. मामांना आधी वाटलं, नक्कलच चाललीय. अर्धी दाढी झाली होती. घरी आणल्यावर मामांनी रडत रडत उरलेली अर्धी केली. कुठे ओरखडा उमटला नाही. काका भिंतीला टेकून बसले होते. "माझा खालचा गेला वहिनी, आता मी कुणाला वर घेऊ," असं म्हणत हंबरडा फोडला त्यांनी. त्या दिवशी आईनंच त्यांना धरलं, पाणी पाजलं. गाव लोटलं होतं. घरातले सगळे कप बाहेर काढावे लागले.

त्यानंतरचा उन्हाळा कोरडा आला. त्याआधीच्या पावसानं दगा दिलेला होता. मी पोटुशी होते, दिवस भरत आलेले, आईला एकटं कसं ठेवायचं म्हणून तिच्याकडे राहायला गेले. शेतात कांदा होता. त्या कांद्यावर आईचं पुढचं सगळं होतं. तो हाती आला तर आई स्वतःच्या घरात राहणार होती. गेला तर घराला कुलूप लावून माझ्याकडे यायचं, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. तिनं "बघू" म्हटलं होतं. आईचं "बघू" म्हणजे नाही.

विहीर खाली गेली होती. रात्रभर झरा पाझरायचा आणि सकाळपर्यंत एका शेतापुरतं पाणी साठायचं. ते काकांकडे जायचं. मग आमच्याकडची वेळ आली की मोटार घरघरायची, पाइपातून चिखलाची एक पिचकारी यायची आणि नुसती हवा. आई फावड्यावर हात ठेवून पाटाच्या कोरड्या तोंडाकडे बघत उभी राहायची. कांद्याच्या पाती टोकाकडून पिवळ्या पडायला लागल्या.

दोनचार दिवस आईनं वाट बघितली. मग एका सकाळी बांधावर गेली. मी मागून, पोट सावरत.

"भावजी, पाणी आळीपाळीनं घेऊ. एक दिवस तुम्ही आधी, एक दिवस आम्ही."

काका पाट मोकळा करत होते. खाली वाकूनच म्हणाले, "तसं कसं वहिनी. पहिलं पाणी आमचं."

"उन्हाळ्यापुरतं म्हणतेय मी."

"उन्हाळ्याचाच तर प्रश्न आहे. पावसाळ्यात कोण विचारतो पाण्याला?"

"अहो, ते असते तर..."

"तो असता तर त्यानंच सांगितलं असतं. त्याचाच शब्द आहे हा. भर गावासमोर बोललाय. आता मेलेल्या माणसाचा शब्द मी मोडायचा?"

हे म्हणताना त्यांनी वर बघितलं. डोळ्यांत काही नव्हतं. रागसुद्धा नव्हता. राग असता तर आईला भांडता आलं असतं.

माझ्या तोंडून गेलं, "काका, बाबा गमतीत म्हणाले होते."

"पोरी, तू केवढी होतीस तेव्हा? जा, सावलीत बस. अशा दिवसांत उन्हात फिरू नये." आणि त्यांनी खरंच माझ्यासाठी बांधावरचं पोतं झटकून दिलं.

आई घरी न जाता सरळ गावात निघाली. मी म्हटलं, कशाला. ती म्हणाली, "ऐकणारे आहेत ना जिवंत."

सलूनमध्ये गिरणीवाले पेपर वाचत बसले होते, आणखी दोघं होते. आम्हाला बघून आवाज बंद झाले. मामांनी घाईघाईनं मला खुर्ची पुढे केली. ती तीच खुर्ची होती. मी उभीच राहिले.

आईनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुम्ही होता सगळे कठड्यापाशी. काय म्हणाले होते हे, ते तुम्हीच त्यांना सांगा."

गिरणीवाल्यांनी पेपराची घडी घातली. "म्हणाला होता खरं. पहिलं पाणी याचं, असं म्हणाला होता. खोटं कसं बोलायचं वहिनी?"

"आणि त्याच्या पुढचं?"

"पुढचं म्हणजे?"

"शेवटची हाक खालच्याची. दर विहिरीवर म्हणायचे. तुमच्या अंगणातली खणली तेव्हा तुम्हीच नाही का त्यांच्यासारखं म्हणून दाखवायचात?"

गिरणीवाले दाराकडे बघायला लागले. काकांच्या मुलानं नवा ट्रॅक्टर घेतला होता, गावातलं निम्मं दळण त्याच्या ट्रॉलीतून यायचं. हे आईलाही माहीत होतं.

आई मामांकडे वळली. "तुम्ही?"

मामा वस्तरा पट्ट्यावर घासत होते. आधीच धार लावलेला वस्तरा. "वहिनी, गलका फार होता हो त्या दिवशी," ते म्हणाले. "पुढचं काही नीट ऐकू आलं नाही बुवा."

आईनं मान वर करून पत्र्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "छप्पर गळतं का आता?"

"नाही. चांगलं आहे."

"बरं झालं," आई म्हणाली आणि पायरी उतरली.

वाटेत ती एवढंच बोलली, "केसानं गळा कापतात म्हणतात ते असं." आणि हसली. मला वाटलं, आता रडेल. पण घरी येऊन तिनं घागर घेतली आणि गावच्या नळावरून पाणी आणून एकेका वाफ्याला वाटीनं घालायला लागली. आठवडाभर. खांद्याची कातडी सोलवटली, तिथं तिनं फडकं बांधलं. मी ओंजळीएवढी कामं करायची; पोट आडवं यायचं.

मग विहिरीनंच काकांनाही दगा दिला. गाळ साचला, झरा बुजला, सकाळी त्यांच्याकडेही चिखल यायला लागला. उपसायची मशिनं सगळीकडे गुंतलेली, पुढच्या महिन्याशिवाय मिळत नव्हती. मजूर खाली उतरायला तयार नाहीत. काकांचा मुलगा आत डोकावला आणि मागे सरला, म्हणाला, ट्रॅक्टर आत जाईल अशी विहीर बांधायची होती.

तेव्हा काका आमच्या दारात आले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आमच्या घरात ते कधी उंबऱ्याबाहेर थांबलेले मी बघितले नव्हते.

"वहिनी, मीच उतरतो म्हणतोय," ते म्हणाले. "दोर हवा होता. त्याचा. माझा कुजलाय."

आई कांद्याची मेलेली पात निवडत होती. "आणि धरणार कोण?"

काका उंबऱ्यापुढची माती पायानं सारत राहिले.

"मुलगा?"

"त्याच्या हाताचा भरवसा नाही मला," काका म्हणाले. "तुम्ही धरायचात की. लग्न झालं तेव्हा. मी जोडीला यायच्या आधी."

ते खरं होतं. पहिली दोन वर्षं बाबांचा दोर आईनंच धरला होता. मला ते माहीत नव्हतं. आईनं कधी सांगितलं नव्हतं, बाबांनी एवढ्या गप्पा मारून कधी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "आई, नको."

तिनं खुंटीवरचा दोर काढला, तळहाताखालून सगळा सरकवला, कुठे तुटलाय का ते बघितलं. "विहीर आपलीपण आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका उतरले. म्हातारं झालं होतं अंग. कडेच्या कपारीत पाय शोधताना पोटऱ्या थरथरत होत्या. मी झाडाच्या सावलीत बसून होते. आईनं कप्पीशी पाय रोवले, एक पाय कठड्याला, एक मागे. पहिलं घमेलं वर आलं तेव्हा तिच्या मानेची शीर तट्ट फुगली. मग हाताला लय सापडली. ओढ, आवळ, ओढ, आवळ. घमेलं धरून बाजूला रितं करायचं, परत सोडायचं. मुलगा मदतीला आला, तर म्हणाली, "तू गाळ लांब नेऊन टाक. दोराला हात लावू नको." गाळाला कुजक्या पानांचा वास होता. सूर्य डोक्यावर आला. तळहाताला दोर घासून रक्त आलं, तिनं फडकं गुंडाळलं. खाली काका एकदाही बोलले नाहीत, आणि एकदाही त्यांनी वर बघितलं नाही. मी कठड्यापाशी जाऊन बघितलं. अंधारात पांढरं डोकं, खाली घातलेलं. एका बाईच्या हातात जीव देऊन निर्धास्त खणत होता माणूस.

उन्हं कलली तेव्हा खालून आवाज आला, "पाणी! वहिनी, झरा सुटला!"

बादली वर आली. गढूळ, पण पाणी. आईनं ती कठड्यावर ठेवली आणि नुसती बघत राहिली. तिचे ओठ सुकून पांढरे झाले होते, तरी तिनं पाण्याला हात लावला नाही. बांधावर माणसं जमली होती. पाणी सुटल्याची बातमी पळतच जाते. गिरणीवाले होते. मामाही आले होते, मागे उभे होते.

आई काकांना वर घेऊ लागली. खेचून घेताना तिचा सगळा देह मागे झुकला होता, टाचा मातीत रुतल्या होत्या. काकांनी "आलो" म्हटलं, कठड्यावर हात टेकला, पाय बाहेर टाकला. तेव्हाच तिनं दोर सोडला.

आणि ती थांबली. ती कशासाठी थांबली होती हे मला कळत होतं, मामांना कळत होतं, तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला कळत होतं. एकच वाक्य बोलायचं होतं त्यांनी. उभ्या जन्मात शंभरदा ऐकलेलं.

काकांनी गुडघ्यावर हात टेकून दम घेतला. चिखलानं भरलेल्या पायांकडे बघितलं. मग कठड्यावरची बादली उचलली आणि त्या पाण्यानं पाय धुतले. आधी डावा, मग उजवा. बोटांच्या फटीतला गाळ अंगठ्यानं नीट काढला. उरलेलं पाणी त्यांच्याच शेताच्या बाजूला भिरकावलं.

मामा मान खाली घालून निघून गेले.

आईनं दोराची गुंडाळी केली, खांद्यावर टाकली आणि आम्ही घरी आलो. रस्त्यात तिनं माझा हात धरला होता. तिच्या हाताचं रक्त माझ्या मनगटाला लागलं.

दिवेलागणीच्या सुमारास काकांची सून आली. पोर बिचारी, दारातच घुटमळली. हातात घडी केलेल्या नोटा होत्या.

"मामंजींनी दिलेत," ती म्हणाली. "आजची मजुरी. सगळ्यांना देतात तेवढीच आहे, कमी नाही, म्हणाले."

आईनं तिला आत बोलावलं, बसवलं, चहा दिला. जाताना नोटा तिच्या मुठीत परत घालून मूठ मिटवली. "त्यांना म्हणावं, मजूर नव्हते मी," आई म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार लागली. पाणी आधी त्यांच्याकडेच गेलं.

कांदा गेला. थोडा आला तो लिंबाएवढा. काका पुन्हा दारात आले, "जमीन पडीक टाकण्यापेक्षा मला कसायला द्या वहिनी, घरातलाच माणूस आहे मी." आई म्हणाली, "पडू दे पडीक." आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी दोर मागायला कुणी यायलाच नको म्हणून त्याच दुपारी ओट्यावर बसून तिनं तो उकलायला घेतला. बाबांच्या हाताच्या घामानं काळा झालेला, टणक झालेला दोर. एकेक पीळ सोडवताना ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. मी जवळ गेले तर कळलं, बाबांना शिव्या देत होती. "वर बघायचं नाही म्हणे. सगळ्या जगाशी बोलायला वेळ होता, एकदा मान वर करून बघायला काय झालं होतं?" मग डोळे पुसून पुन्हा पीळ सोडवायला लागली.

घराला कुलूप लावून आई माझ्याकडे आली तेव्हा तिच्या ट्रंकेत दोन जोडी कपडे, झिजलेले कप आणि त्या दोराच्या सहा दोऱ्या होत्या. चार पाळण्याच्या चार कोपऱ्यांना आहेत. एक जादा म्हणून ठेवलीय. सहावी माझ्या डाव्या हातात आहे.

हे लिहिताना कितीदा वाटलं, पोरीला शिकवावं, वर बघत जा. दोर कुणाच्या हातात आहे ते बघितल्याशिवाय खाली उतरू नको. पण मग तिला पाठीवर उभं करून न बघता घोटा धरणारं कुणी भेटेल, तेव्हा ती काय करेल? मला ठरवता येत नाही.

पाळणा हलतोय. आत पाय झाडल्याचा आवाज आला, मग एक बारीकसा हुंकार, मग मोठ्यानं. स्वयंपाकघरातून आई ओरडली:

"अगं, हाक आली ना! सोड ते पेन. आधी तिला वर घे."